नाव लांब नव्हतं, रकाना आखूड होता

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचा तास म्हणजे आमच्यासाठी डुलक्यांचा तास! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मराठी विभागातच लिहायचा असं ठरवलं होतं. का, ते पुढे कळेलच.

सेकंड इयरला आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून रक्तदात्यांची वेबसाइट केली. पीएचपी आणि मायएसक्यूएल, नेहमीचंच. नाव, रक्तगट, शहर, मोबाइल नंबर भरा. गरज पडली की रक्तगट आणि शहर टाकून शोधा. टेबल बनवायची फाइल एका सीनियरच्या जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली. त्यात शहराचा रकाना होता वीस अक्षरांचा. ती फाइल बनली तेव्हा शहर औरंगाबाद होतं. इंग्रजीत दहा अक्षरं. वीस म्हणजे चैनच!

२०२३ साली शहराचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. इंग्रजीत लिहून मोजा : मधली मोकळी जागा धरून पंचवीस अक्षरं. फॉर्म भरून सबमिट केलं की स्क्रीनवर एरर यायची, ‘डेटा टू लाँग फॉर कॉलम सिटी’. किती सरळ वाक्य आहे बघा! शहराच्या रकान्यात मावत नाही, एवढंच ते सांगत होतं. मी तर नर्सरीपासून इंग्रजीत शिकलेली. तरी वाचलं नाही. आम्ही कुणीच एरर वाचत नाही. आम्ही ती कॉपी करतो, पेस्ट करतो आणि उत्तर मागतो.

पहिलं उत्तर सापडलं ते असं, ‘स्ट्रिक्ट मोड बंद करा.’ एक ओळ. केला बंद. एरर गायब! डेमो झाला, सरांनी चार दात्यांची यादी पाहिली, मार्क मिळाले, कँटीनमध्ये समोसे झाले. विषय संपला.

संपला नव्हता. काही आठवड्यांनी एका मैत्रिणीच्या भावाचा फोन आला. त्यांच्या नातेवाइकांना ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. ‘ताई, तुमच्या साइटवर एकही नाव दाखवत नाहीये.’ मी स्वतः शोधलं. शून्य. पण दाते होते, मला पक्कं आठवत होतं, कारण त्यातल्या एकाचा फॉर्म मीच भरून घेतला होता. रक्त शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपानिरोपीतून मिळालं, देवाची कृपा. आमच्या साइटचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

त्या रात्री मी डेटाबेस उघडून बसले. ओ निगेटिव्हचे चार दाते होते! दोघांच्या शहरापुढे नुसतं ‘छत्रपती संभाजी’. कारण इंग्रजीत बरोबर विसावं अक्षर तिथे संपतं. ‘नगर’ कापलं गेलं होतं. स्ट्रिक्ट मोडचं काम हेच असतं : रकान्यात न मावणारी माहिती आली तर ती नाकारायची आणि ओरडून सांगायचं. तो बंद केला की मायएसक्यूएल मावेल तेवढं ठेवतं, उरलेलं फेकून देतं. आपण शोधतो पूर्ण नाव, आत आहे अर्धं. जुळणार कसं? तिसऱ्याने सवयीने ‘औरंगाबाद’ लिहिलं होतं. आणि चौथ्याच्या नावात आणि शहरात होती फक्त प्रश्नचिन्हं. शहराच्या जागी सोळा प्रश्नचिन्हं आणि मध्ये एक मोकळी जागा.

त्या माणसाने फॉर्म मराठीत भरला होता. सीनियरच्या फाइलमध्ये टेबलची लिपी ‘लॅटिन वन’ होती, ज्यात देवनागरी बसतच नाही. स्ट्रिक्ट मोड चालू असता तर तिथेही एरर आली असती आणि आम्ही जागे झालो असतो. तो बंद होता म्हणून एकेका खुणेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह पडलं. काना, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांना! ही चूक नंतर दुरुस्तही करता येत नाही, कारण मूळ अक्षरं कुठेच साठवलेली नसतात. नशीब, मोबाइल नंबर आकड्यांत होता. मी त्या गृहस्थांना फोन करून त्यांचं नाव पुन्हा विचारलं. ‘मी तर भरलं होतं ना बाळ,’ ते म्हणाले. काय उत्तर देणार?

आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमचं तसंच झालं. रकाना आखूड होता आणि आम्ही बंद केला तो पहारेकरी.

माझं म्हणणं एवढंच आहे : एरर घालवणं आणि अडचण सोडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण कॉलेजात फक्त पहिली शिकतोय. शोधून उत्तर घेण्यात काही गैर नाही. नोकरीतले अनुभवी लोकही शोधतात, आता एआयला विचारतात. पण ‘हे का चालतं’ हा प्रश्न न विचारता घेतलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेतलेलं औषध.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. कोड चुकला की आपण माणसालाच बदलायला सांगतो. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं आडनाव डिसूझा. इंग्रजीत ते ‘डी’नंतर वर एक टिंबासारखी खूण देऊन लिहितात. आमच्या फॉर्मने तिचं नाव घेतलंच नाही, कारण आम्ही एसक्यूएलची ओळ तुकडे जोडून बनवली होती आणि त्या खुणेने ती मध्येच तुटली. आमच्यातला एक म्हणाला, ‘तिला सांग, खूण न देता लिही.’ अरे, पण ते तिचं नाव आहे! शिवाय साध्या आडनावाने जी ओळ तुटते, तीच ओळ कुणी मुद्दाम तोडून अख्खा डेटाबेस वाचू शकतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. दोन्हींवर उपाय एकच, प्रीपेअर्ड स्टेटमेंट. म्हणजे आधी ओळ पक्की करायची, माहिती वेगळी पाठवायची.

शहराचंही तसंच. ‘सगळ्यांनी एकच स्पेलिंग लिहा’ असं सांगून भागत नाही. कुणी संभाजीनगर लिहिणार, कुणी औरंगाबाद. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे! मलिक अंबरच्या काळात हेच गाव खडकी होतं. नावं बदलतात. मग एखादा कोड धरावा का? आपला एमएच २० आणि ४३१००१ हा पिन तसाच राहिला. पण २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचं नाव बदललं तेव्हा कोडही एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. म्हणून आता आमच्याकडे शहरांचं वेगळं टेबल आहे. प्रत्येक शहराला आमचा स्वतःचा एक आकडा, आणि त्या आकड्याला जोडलेली सगळी नावं, जुनी, नवी, इंग्रजी, मराठी. कुठलंही निवडा, दाता सापडतो. गंमत म्हणजे डीबीएमएसच्या पेपरात नॉर्मलायझेशनचं उत्तर मी अगदी व्याख्येसकट लिहिलं होतं. पेपरात लिहिलं, प्रोजेक्टमध्ये विसरले!

लिपी आता यूटीएफएट एमबीफोर केली. त्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ एकोणपन्नास बाइट घेतं, आणि मोजणीला सतरा भरतं. आपण मात्र दहाच अक्षरं म्हणतो. तिन्ही आकडे खरे. ‘वीस अक्षरं पुरे’ म्हणताना कुठलं अक्षर, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी एक सूचना, सरांनाही आणि आपल्यालाही. डेमोच्या वेळी आपण नेहमी ‘एबीसी’ आणि ‘टेस्ट वन टू थ्री’ भरतो. त्याऐवजी लॅबच्या भिंतीवर पाच नोंदींचा एक कागद लावूया : देवनागरीतलं आजीचं पूर्ण नाव, डिसूझा खुणेसकट, शहराचं नवं नाव, जुनं नाव आणि एक रिकामी ओळ. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये या पाच नोंदी भरायच्या आणि पुन्हा शोधून दाखवायच्या. सापडल्या तरच मार्क.

आणि लाल अक्षरं आली की घाबरून कॉपी करू नका. आधी एकदा वाचा. आमची एरर पहिल्याच दिवशी खरं बोलत होती.