आमच्या लेखाचे नाव कोणी बदलले?

काही वर्षांपूर्वी आम्ही अम्मीवर एक लेख लिहिला होता. अम्मी विड्या वळायची. सोलापुरात गिरण्यांचा भोंगा बंद पडल्यावर ज्या घरांची चूल विडीवर पेटली, त्यांतले एक घर आमचे. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून सूत गुंडाळायचे, हजाराचा आकडा पुरा करायचा. आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मजुरीतून गेले की पुन्हा सगळी बेरीज मांडायची. अम्मीला अक्षरओळख नव्हती, पण हिशेबात तिला कोणी फसवू शकत नसे. लेखाला नाव दिले होते 'हजार विड्यांचा हिशेब'.

अंक हाती आला. लेख आमचाच होता, एक ओळही कापलेली नव्हती. फक्त वर छापले होते, 'बुरख्याआडचे हुंदके'. शेजारी नुसते डोळे दिसणाऱ्या बाईचे चित्र. अम्मी साडी नेसायची, डोक्यावर पदर घ्यायची. संबंध लेखात ती एकदाही रडलेली नाही. तिला अंक दाखवला तर चित्राकडे बघत म्हणाली, "ये कौन है रे? मैं कब रोई?"

आम्ही संपादक महाशयांना फोन केला. ते चिडले नाहीत, उलट प्रेमाने समजावू लागले. "सर, विडीचा हिशेब कोण वाचतो? वाचक आधी थांबला पाहिजे."

वाचक थांबला पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. जो मथळा कोणाला थांबवत नाही तो लिहिला काय आणि न लिहिला काय, सारखेच. टिळकांनी १८९७ साली, प्लेगच्या दिवसांत, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असे अग्रलेखाचे नाव ठेवले ते वाचकाला थांबवण्यासाठीच. पण मथळ्यात जो सवाल केला, तोच खाली लेखात सरकारला घातला होता. आमच्या लेखाच्या वर हुंदके आणि खाली बेरीज-वजाबाकी. वाचकाला एक वस्तू दाखवून दुसरी पुडीत बांधून देणाऱ्याला बाजारात काय म्हणतात?

आणि फसतो तो एकटा वाचक नाही. मथळा वाचणारे शंभर असले तर लेख वाचणारे दहा. उरलेल्या नव्वदांच्या डोक्यात आमची अम्मी कायमची हुंदके देत बसली. तिची मजुरी, तिची हुशारी, तिच्या बोटांचा वेग त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

ही एका लेखाची तक्रार समजू नये. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलीगी जमातीच्या निमित्ताने 'कोरोना जिहाद' हे दोन शब्द मथळ्यांतून देशभर फिरले. त्या दिवसांत मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवले जात होते, ते मथळा वाचूनच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले आणि माध्यमांच्या प्रचारावरही ताशेरे ओढले. ती बातमी आली; पण पहिल्या मथळ्याएवढे टाइप तिच्या वाट्याला आले का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

इथपर्यंत आमचे मुस्लिम मराठी लेखक बंधू मान डोलावतील. आता त्यांच्याकडे वळू. बुरखा, तलाक, पडदा, चाँद हे शब्द मथळ्यात घातले की लेख लागतो, हे आम्ही स्वतःच शिकून घेतले आहे. कथा असते म्हाडाच्या घरासाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाची, पण नावात कुठेतरी चाँद उगवतोच. आणि जे या मोहात पडत नाहीत ते 'मुस्लिम समाज आणि शिक्षण : एक चिंतन' असे नाव ठेवतात. एक चिंतन! वाचक तिथेच पान उलटतो आणि मग आम्ही म्हणतो, आपला समाज वाचत नाही. 'वेदना', 'आक्रोश', 'अंधारातून प्रकाशाकडे' ही नावे तर कोणत्याही लेखाला चालतात, म्हणजे कोणत्याच लेखाची नसतात.

आम्ही उर्दू शाळेत मराठी शिकवतो. उताऱ्याला योग्य शीर्षक द्या, हा नेहमीचा प्रश्न. एकदा दुष्काळातल्या विहिरीचा उतारा दिला होता. निम्म्या वर्गाने उतारा न वाचताच 'पाणी हेच जीवन' लिहिले आणि आम्ही मुकाट्याने गुण दिले, कारण नमुना उत्तर तेच होते. मागच्या बाकावरच्या एका पोराने लिहिले, 'दोर कमी पडला'. उताऱ्यात एका ओळीत तसे होते खरे; पाणी इतके खाली गेले होते की बादली पोहोचत नव्हती. ते नाव वाचून आम्ही स्वतः उतारा पुन्हा वाचला. बी.एड.ला आम्हाला हे कोणी शिकवले नव्हते.

नाव आतून यावे लागते. हमीद दलवाईंनी १९६५ साली कादंबरीला 'इंधन' एवढेच नाव दिले. मेहरुन्निसा दलवाईंनी आत्मकथनाला 'मी भरून पावले आहे' म्हटले. मुसलमान बाईकडून हुंदक्यांची वाट पाहणाऱ्याला ते नावच कोड्यात टाकते. आणि आमच्या सोलापुरात अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांनी आपल्या पत्राला 'गझनफर' नाव ठेवले होते. गझनफर म्हणजे सिंह. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर ते फासावर गेले. चार पुतळ्यांपाशी बसथांब्याला उभ्या असलेल्या किती पोरांना त्या पत्राचे नाव ठाऊक असेल?

१९९० साली याच शहरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्या नावावरही गदारोळ झाला होता. साहित्याला मुस्लिम कशाला, असे एक बाजू म्हणे; मुसलमानाला मराठी कशाला, असे दुसरी. दोन्ही शब्द राहिले, कारण आत माणसेच तशी होती.

अम्मीचा लेख आम्ही यंदा दुसरीकडे पाठवला आहे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे की जागा कमी पडली तर शेवटचा परिच्छेद काढा, चित्र नाही छापले तरी चालेल, पण नावात हजार विड्या राहू द्या.