डाग पखालीला

परदेशात लष्करानं मोडीत काढलेली थ्री-नॉट-थ्री लोक विकत घेतात, तिला प्लास्टिकचा दस्ता अन् वर दुर्बीण बसवतात आणि म्हणतात, नेम सुधारला. नातवानं तसा फोटो दाखवला. मी म्हटलं, "लेका, दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला!"

एसएलआर यायच्या आधीपासून मी पलटणीत आर्मोरर. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांचं. पुढच्या तुकड्यात नळी बसते. पावसाळ्यात घराचं दार फुगतं तसं ते फुगतं आणि नळीला एका अंगानं रेटतं. मग दोन गोळ्या जागेवर, तिसरी वीतभर बाजूला. नळीचं तोंड झिजतं तेही शत्रूमुळं नव्हे. आपणच पुलथ्रूची दोरी रोज वाकडी ओढतो म्हणून. दुर्बिणीला यातलं काय दिसणार? इंग्रजांनीसुद्धा स्नायपरसाठी नंबर चारच्या रायफली आधी मारून पाहिल्या, नेमक्या तेवढ्या वेचल्या, मगच दुर्बीण चढवली.

आमच्याकडचा एक पोरगा फायरिंगमध्ये नापास झाला. 'हात थरथरतो' असा शेरा पडला. मी त्याची रायफल उघडली. नळीला काजळी लावून परत बसवली, तर लाकडावर एकाच बाजूला काळा डाग उठला. तेवढंच खरवडलं, तेल दिलं. पुढच्या खेपेला शंभर यार्डांवरच्या पाचही गोळ्या तळहाताखाली झाकल्या.

शेरा मात्र तसाच राहिला. लाकूड मी खरवडलं. कागद कोण खरवडणार?