तिच्या ताटाचा हिशेब

जयंतीच्या मंडपात आम्ही समतेवर भाषणे ठोकतो. घरी मार खाल्लेली बाई मात्र उपाशीच झोपते. कधी नवरा ताट भिरकावतो, कधी तिच्याच घशाखाली घास उतरत नाही. हा घरगुती मामला नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने घरखर्च रोखणे हीसुद्धा हिंसाच ठरवली आहे. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, दासी नव्हे, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपुरात महिलांना बजावले होते. ते आम्ही विसरलो काय? भगिनींनो, तुमच्या उपासाने जुलमी माणूस सुधारत नाही; तुमचेच रक्त आटते. भाकरी, डाळ, पालेभाजी वेळेवर खा. मूठभर शेंगदाणे हाताशी ठेवा. लढायला अंगात बळ लागते. १८१ वर फोन करा. आणि बांधवांनो, शेजारी ताट आपटल्याचा आवाज आला, तर दार ठोठावा.