आधी ब्रेक, मग पॉवर!

परवा आमच्या धाकट्या दिरांनी जुनी डिझेल पिकअप घेतली. सात वर्षं वापरलेली. आमच्या नाशिककडचा कांदा वाशीच्या मार्केटला स्वतःच न्यायचा, असा बेत. निम्मे पैसे साठवलेले, निम्मे धाकट्या जाऊबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केलेले. गाडी दारात आली, हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला आणि संध्याकाळी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर यादी सुरू झाली. पंप वाढवून पॉवर वाढवायची, मागे दोन पाटे जादा टाकायचे, रुंद टायर, प्रेशर हॉर्न, म्युझिक सिस्टिम. बेरीज झाली 60 हजार!

आम्ही दोघी चहा घेऊन गेलो. जाऊबाईंनी यादी वाचली आणि हळूच विचारलं, ‘‘अहो, जाताना भरलेली गाडी कसारा घाट उतरणार आणि येताना रिकामी चढणार. मग पॉवर कशाला? ब्रेक नको का आधी?’’

सगळे गप्प! गाडीचं स्टिअरिंग कधी हातात न धरलेल्या बाईनं नेमकं दुखणं पकडलं होतं.

माझंही हेच म्हणणं आहे. जुन्या गाडीची पॉवर पुष्कळदा कमी नसते, हरवलेली असते. एअर फिल्टर धुळीनं भरलेला, डिझेल फिल्टर वेळेवर न बदललेला, क्लचप्लेट झिजलेली, टायरमध्ये हवा कमी. हे आधी ठीक केलं, तर गाडी निम्मी तिथेच सुधारते. पंप वाढवला की इंजिनात डिझेल जास्त जातं, पण त्या मानानं हवा मिळाली नाही तर ते पुरतं जळत नाही, काळा धूर होतो. चुलीत लाकडं कोंबली की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वर इंजिन तापतं, टर्बो आणि क्लचवर ताण येतो तो वेगळाच.

जादा पाट्यांचंही तसंच. पाटे वाढले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल तेच राहतात. पाटे टाकले की जास्त पोती भरायचा मोह मात्र होतो आणि उतारावर ब्रेक तापून लागेनासे होतात, ते अशाच वेळी. घाट ज्या गियरमध्ये चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम फुकटचा आहे, पण लाखमोलाचा.

शिवाय कायदा आहेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीशिवाय फेरफार केले तर प्रत्येक फेरफाराला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तिथेही हे फेरफार उघडे पडतात. अपघात झालाच, तर विमा कंपनी याच कारणावरून भरपाई अडवू शकते.

आमच्या घरी मग नवी यादी झाली. पहिल्या ओळीवर ब्रेक लायनर आणि ब्रेक ऑइल. मग गोटा झालेले मागचे टायर बदलायचे, तेही कंपनीनं सांगितलेल्या मापाचेच. मग ऑइल, सगळे फिल्टर, क्लच. आणि कागदपत्रं! आरसी बुक नावावर झालं का, आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरला का, विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज दिला का? म्युझिक सिस्टिम शेवटच्या ओळीवर गेली. पाटल्या सुटल्यावर बघू, असं ठरलं.

मैत्रिणींनो, गाडीचा विषय निघाला की आपण ‘त्यातलं आपल्याला काय कळतं’ म्हणून आत जातो. पण पैसे आपलेही असतात, आणि रात्री दोन वाजता गाडी घाटात असताना जागं आपल्यालाच राहायचं असतं. तेव्हा यादी होताना तिथे बसा आणि विचारा. स्टिअरिंग हातात नसलं म्हणून काय झालं? घराचा संसार बिनब्रेकचा चालत नाही, हे आपल्याइतकं कुणाला कळतं?