सरपणाची पारख

चैत्र सरूं लागला कीं आम्हांस लांकडांच्या वखारीची आठवण होते. कल्याणास आमच्या घरीं गॅस येऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. तथापि मुरबाडकडील वडिलोपार्जित घरांत स्नानाचें पाणी अद्याप बंबांतच तापतें व सणावारीं चूलहि पेटते. तेव्हां सरपणाविषयीं चार शब्द लिहिण्यास हाच काळ योग्य, असें आम्हांस वाटतें.

लांकूड कोणत्या झाडाचें, हें पाहणें अवश्य आहे. बाभूळ, खैर, ऐन, चिंच यांचें लांकूड जड. तें सावकाश जळतें व त्याचा निखारा टिकतो. पुरणपोळीस हीच आंच हवी. आंबा चटकन् पेटतो व चटकन् संपतो, म्हणून तो बंबास बरा. सांवरीची तर पाहतां पाहतां राख होते. खाडीकांठचें तिवर ठाण्याकडे एके काळीं चुलींत सर्रास जात असे. २००५ सालीं उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस बंदी केली, तेव्हां तें कोणीं आणून दिलें तरी घेऊं नये.

परंतु झाडाच्या जातीहून मोठा प्रश्न ओलाव्याचा. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत सुमारें निम्में पाणीच असूं शकतें, आणि सरपण विकलें जातें तें वजनावर! शिवाय चुलीची उष्णता आधीं त्या पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते. ज्वाला थंड राहते, आणि लांकडांतून निघणारा वायु न पेटतां धूर होऊन घरभर पसरतो.

१९७० च्या सुमारास आमचें बिऱ्हाड डोंबिवलीस होतें. वय दहा-अकरा वर्षांचें. श्रावणांत वडिलांनीं आम्हांस वखारींत पाठविलें, आणि मणामागें आठ आणे कमी करून घेतल्याच्या आनंदांत आम्ही गाडीभर ओलें सरपण घरीं आणिलें. गौरींच्या दिवशीं आई पहांटेपासून फुंकणी फुंकीत होती. डोळे लाल, खोकला थांबेना. ओटीवर बसलेल्या आम्हां पुरुषांस भूक तेवढी लागली होती. रात्रीं तिनें एवढेंच विचारलें, “वाजवून घेतलींस का रे?”

दुसऱ्या दिवशीं तिनें दाखविलें. दोन लांकडें एकमेकांवर आपटावीं. वाळलेलीं खणखणतात, ओलीं बद्द वाजतात. टोकांस चिरा पडलेल्या व साल सुटूं लागलेली असावी. मृगापूर्वीं फोडून, जमिनीपासून उंच, वारा खेळेल असें रचावें. इमारतींच्या कामावरील रंगीत फळ्या व प्लायवूड हल्लीं फुकट मिळतें. रंगाचा व सरसाचा धूर विषारी, तें बंबांतहि घालूं नये.

आईचा खोकला पुढें दम्यावर गेला. तो त्या एका गाडीचा नव्हे, चुलीपुढील सगळ्या वर्षांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील धुरामुळें जगांत सुमारें बत्तीस लाख माणसें दगावलीं. वाळलेल्या लांकडानें धूर कमी होतो, नाहींसा होत नाहीं. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, कारण चुलीवरच्या पुरणपोळीचा मोह आमचाच.

गेल्या भाद्रपदांत तो आम्हीं बोलून दाखविला, तेव्हां सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, फुंकणी कोण धरणार?” आम्हीं धरली. बाभळीचीं लांकडें होतीं, वाजवून घेतलेलीं. तरी डोळे झोंबलेच.