वाळवण आणि विजेचे बिल

न्युरेम्बर्गमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे पहिल्या हिवाळ्यातले प्रश्न ठरलेले असतात. तूरडाळ कुठे मिळते? मुलांसाठी डॉक्टर कसा शोधायचा? आणि कपडे वाळवायचे कुठे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मंडळातल्या कोणत्याही वहिनी फोनवर देतील. तिसऱ्या प्रश्नावर मात्र घरोघरी मतभेद आहेत, आणि बहुतेक वेळा ते दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीपाशी येऊन थांबतात. म्हणून या वेळी ड्रायरचा हिशेब मांडू या.

डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाल्कनीत टाकलेली चादर दुसऱ्या दिवशीही दमटच. मग कपडे येतात हीटरजवळच्या स्टँडवर. आठ किलो सुती कपडे मिनिटाला १४०० फेऱ्यांनी पिळून काढले, तरी त्यांत साधारण चार लिटर पाणी उरते. म्हणजे चार तांबे पाणी आपण घरातल्या हवेत सोडतो! खिडकी उघडून ते बाहेर घालवले नाही, तर ते थंड भिंतीवर, कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन बसते. तिथे काळी बुरशी धरली की घरमालकाचे पत्र येते, आणि घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होतो. लहान मूल असेल तर त्याच्या खोकल्याची काळजी वेगळीच.

ड्रायरचे मुख्य प्रकार तीन. जुन्या यंत्रांच्या जाहिरातींत हे जर्मन शब्द दिसतील. 'आब्लुफ्ट' म्हणजे गरम दमट हवा जाड नळीने बाहेर फेकणारा. त्याला भिंतीत भोक हवे, म्हणजे घरमालकाची परवानगी आली. 'कोंडेन्स' म्हणजे वाफ थंड करून पाणी टाकीत जमवणारा. यात हवा तापवायला विजेची कॉइल असते, आणि ती उष्णता शेवटी खोलीत जाते. तिसरा 'वेर्मेपुम्पे', म्हणजे हीट पंपवाला.

हा तिसरा प्रकार म्हणजे फ्रिजचीच करामत. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागते. (युनिट म्हणजे आपले बिलावरचे युनिट, इथे त्याला किलोवॅट-तास म्हणतात.) चार लिटरला झाले २.६ युनिट, आणि साध्या ड्रायरला प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. हीट पंपवाला मात्र आठ किलोचा लोड दीड युनिटच्या आसपास वाळवतो. हे कसे? तर ड्रममधून आलेली दमट हवा थंड नळ्यांवरून जाते, पाणी गळून पडते, आणि वाफेतून सुटलेली उष्णता पुन्हा तीच हवा तापवायला वापरली जाते. वीज लागते ती ही उष्णता इकडून तिकडे न्यायला. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करणाऱ्या आजीसारखे हे यंत्र; एकदा घरात आलेले काही वाया जाऊ देत नाही.

ही युक्ती काही आजची नाही. हीट पंपवाला घरगुती ड्रायर एईजीने १९९७ मध्ये बाजारात आणला होता. एईजी हे नाव न्युरेम्बर्गकरांना वेगळे सांगायला नको. इथल्या मुगेनहोफ भागातल्या तिच्या कारखान्यात धुलाईयंत्रे बनत. १९९४ मध्ये एईजीचा घरगुती यंत्रांचा धंदा स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे गेला. डिसेंबर २००५ मध्ये कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, २००६ च्या सुरुवातीला कामगारांनी कित्येक आठवडे संप केला, आणि २००७ मध्ये सतराशेहून जास्त लोकांना रोजगार देणारा तो कारखाना बंद पडला. काम मुख्यतः पोलंडला गेले. आज 'आउफ एईजी' नावाने त्या जागेत कलाकारांचे स्टुडिओ आणि सांस्कृतिक केंद्र आहे. फ्युर्थर श्ट्रासेवरून जाल तेव्हा जरूर पाहा.

१९९७ चे ते यंत्र महाग होते, त्यामुळे बरीच वर्षे मोजक्याच घरांत गेले. लोक चिठ्ठीवरची किंमत पाहत, पुढच्या दहा वर्षांचे बिल नाही. शेवटी हा हिशेब कायद्यानेच केला. १ जुलै २०२५ पासून युरोपियन युनियनच्या बाजारात नव्याने येणारे घरगुती ड्रायर जवळपास फक्त हीट पंपचेच असू शकतात. लेबलही बदलले. आता ए ते जी अशी सरळ अक्षरे आहेत, तेव्हा जुन्या 'ए तीन प्लस'शी नवी अक्षरे ताडून पाहू नका.

मग प्रश्न उरतो तो जुन्या, वापरलेल्या कोंडेन्सचा. परत जाणारे एखादे कुटुंब तो दीडशे युरोंना देते, नवा हीट पंपवाला समजा सहाशेला आहे. फरक साडेचारशे. जुन्या लेबलवर वर्षाला १६० लोड धरत, म्हणजे आठवड्याला तीन. आठ किलोच्या बी वर्गाच्या कोंडेन्सला त्यासाठी सुमारे ५६० युनिट लागत, ए तीन प्लसच्या हीट पंपवाल्याला सुमारे १७५. फरक ३८५ युनिट. ३५ सेंटचा दर धरला तर वर्षाला १३५ युरो. म्हणजे साडेतीन वर्षांत वरचे पैसे वसूल!

पण हेच गणित आठवड्याला एक लोड धुणाऱ्या विद्यार्थ्यासाठी करा. वर्षाला वाचतात जेमतेम ४५ युरो. वसुलीला दहा वर्षे. त्याने नवा घेऊ नये आणि जुनाही घेऊ नये. कपडे १४०० फेऱ्यांनी पिळावेत, स्टँडवर मोकळे पसरावेत, आणि दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडावी. थंडी वाजते, पण फुकट असते.

घेतलाच तर चार गोष्टी लक्षात ठेवा. हीट पंपवाला सावकाश आहे, भरलेल्या लोडला अडीच-तीन तास घेतो. रात्री दहानंतर इमारतीत शांतता हवी असते, तेव्हा सातच्या आत सुरू करा. गारठलेल्या तळघरात त्याला आणखी वेळ लागतो. घर बदलताना आडवा करून नेला असेल, तर उभा ठेवून काही तास थांबा. फ्रिजसारखेच त्याच्या कॉम्प्रेसरचे तेल खाली यावे लागते. आणि दर लोडनंतर जाळीवरचा कापूस काढा. तो साचला की वेळ वाढतो, वीज वाढते, आणि आगीचा धोकाही.

कपड्यांचे म्हणाल, तर लेबलवर चौकोनात गोल आणि एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन ठिपके म्हणजे नेहमीची, आणि फुली म्हणजे ड्रायर नको. लक्ष्मी रोडवरून आणलेल्या कुर्त्याला यातले काहीच नसते. तो पहिल्यांदा बाहेरच वाळवावा. पैठणी, जर, रेशीम, लोकर यांची तर ड्रायरशी ओळखच करून देऊ नये.

थोडक्यात काय, दुकानात जाण्याआधी महिनाभर कॅलेंडरवर लोडच्या रेघा मारा. तुम्हाला कोणता ड्रायर हवा, किंवा मुळात हवा का, ते त्या रेघा सांगतील. पुढच्या अंकात डिशवॉशर आणि आपली पितळेची भांडी यांचे का जमत नाही, ते पाहू.