लेकरू सुधारलं, हे माप सांगेल
शेतकरी बंधूंनो, लोंबी पिवळी दिसली म्हणून आपण लगेच विळा लावत नाही; दाणा दाताखाली दाबून पाहतो. मग तीव्र कुपोषित लेकरू जरा हसलं-खेळलं, की 'बरं झालं' कसं म्हणता? दंडाचा घेर ११.५ सें.मी.खाली असेल तर जिवाला धोका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ठरवून दिलं: ज्या मापाने दाखल, त्याच मापाने सुट्टी. म्हणजे दंड किमान १२.५ सें.मी. हवा, आणि पायांवर दोन आठवडे सूज नको. नुसतं वजन वाढलं, एवढ्यावर भागत नाही.

रोवणीत आई दिवसभर बांधीत असते, अन् माप राहून जातं. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मापाच्या दिवशी लेकरू अंगणवाडीत पोहोचतं का, हे जातीने पाहावं. धानाची रोवणी एक दिवस थांबेल. लेकराचं दुखणं थांबत नाही.